संस्थेतील पदे, विभाग आणि लेखी नियम केवळ कार्यक्षमतेसाठीच असतात का? समाजशास्त्र काय सांगते?

नाही, समाजशास्त्राच्या दृष्टीने या औपचारिक रचनेचा बराचसा भाग काम सुरळीत व्हावे यापेक्षा बाहेरच्या जगाने संस्थेला रीतसर मानावे म्हणून उभा राहिलेला असतो. समाजशास्त्रज्ञ जॉन मायर आणि ब्रायन रोवन यांनी १९७७ मध्ये ही भूमिका मांडली आणि व्यवस्थापनशास्त्रातील ‘रचना’ ही मूळ संकल्पना अधिमान्यतेच्या, म्हणजे समाजाने संस्थेला योग्य व रीतसर मानण्याच्या, प्रश्नाशी जोडली गेली. मात्र याचे सर्वांत बोलके उदाहरण त्याआधीचे आहे, असे मला वाटते. समाजशास्त्रज्ञ आल्विन गोल्डनर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील एका जिप्सम कारखान्याचा व त्याच्या खाणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे धूम्रपानबंदीचा नियम विमा कंपनीच्या आग्रहामुळे आला होता, कामगार तो पाळत नसत, व्यवस्थापनही त्याकडे काणाडोळा करी, आणि निरीक्षक येणार असला की तेवढ्यापुरत्या सिगारेटी विझत. तरीही सगळेच नियम देखाव्याचे असतात, असा निष्कर्ष काढू नये. त्याच कारखान्यातील सुरक्षेचे नियम दोन्ही बाजूंना आपलेसे वाटत होते आणि ते बऱ्याच अंशी पाळलेही जात होते. (जमिनीखालच्या खाणकामगारांवर मात्र एकूणच नियमांची पकड बेताची होती.)