व्हॉट्सॲपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलेले मेसेज परत काढता येतात का?

तुमचा प्रश्न असा की जमिनीच्या वादात रागाच्या भरात भावाला काहीबाही लिहिलं, मग डिलीट फॉर एव्हरीवन केलं, आणि आता त्याचा वकील म्हणतोय मेसेज आहेत आमच्याकडे, तर एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणाला मेसेज वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, असताना हे कसं काय.

माझं डेटा रिकव्हरीचं छोटं दुकान आहे, तिथे जे बघतो ते सांगतो.

एन्क्रिप्शन 2016 पासून आहे आणि ते भक्कम आहे, वाटेत कोणी वाचत नाही. पण मेसेज भावाच्या फोनवर पोचला की त्याला वाचता यायलाच हवा ना, तिथे तो उघडाच असतो. अँड्रॉइड 11 पासून सेटिंगमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी म्हणून एक बटण आहे, ते चालू असलं तर गेल्या 24 तासांत आलेली नोटिफिकेशनं तिथे राहतात. परवाच एक काकू आल्या होत्या, चॅटमध्ये 'हा मेसेज डिलीट केला' एवढंच दिसत होतं आणि हिस्टरी उघडली तर जाऊबाईंचं अख्खं वाक्य शिवीसकट समोर, मलाच अवघडल्यासारखं झालं.

दुसरं म्हणजे बॅकअप. भावाचा फोन अँड्रॉइड असेल तर व्हॉट्सॲप रोज पहाटे 2 च्या सुमारास त्याच्या फोनमध्येच बॅकअप घेतं आणि साधारण आठवड्याभराच्या फायली ठेवतं, म्हणजे तुम्ही रात्री पाठवून सकाळी उठल्यावर उडवलं असेल तर पहाटेच्या फाईलमध्ये तो मेसेज बसलेला असणार. गूगल ड्राइव्हवरच्या बॅकअपला एंड-टू-एंडचं, म्हणजे ज्याचा बॅकअप त्यालाच उघडता येईल असं कुलूप 2021 पासून लावता येतं पण ते आपण स्वतः चालू करावं लागतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ते माहीतच नसतं. डेटाबेसमधून, म्हणजे मेसेज साठवलेल्या फाईलमधून, पुसलेल्या ओळी काढणं वगैरे लॅबचं काम, आयफोनवर असे अवशेष उरतात हे 2016 मध्येच एका फॉरेन्सिकवाल्याने दाखवलं होतं, पण भावाभावांच्या भांडणात तिथवर कोण जातंय, साधा स्क्रीनशॉटच असतो बहुतेक वेळा.

आता स्क्रीनशॉट असला म्हणजे लगेच पुरावा झाला असं नाही हां. जालन्याच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकरांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, 2020 च्या त्या निकालात कोर्टाने सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नाही तर जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65 ब चं सर्टिफिकेट (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र) लागतंच. 1 जुलै 2024 पासून तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आलंय आणि आता त्यात फाईलची हॅश व्हॅल्यूपण, म्हणजे फाईलमधल्या मजकुरावरून निघणारा एक आकडा, लिहावी लागते, म्हणजे नंतर एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा जुळत नाही. त्यामुळे भावाच्या वकिलाने नुसता स्क्रीनशॉट पुढे केला तर सर्टिफिकेट कुठंय, मूळ फोन कुठंय हे तुमच्या वकिलाला विचारायला सांगा.

आणि आता घाबरून स्वतःचा फोन रिसेट मारू नका. मेसेज भावाकडे आहेत, तुमचा फोन पुसून ते जाणार नाहीत, उलट पुरावा नष्ट केला म्हणून नवीनच लचांड मागे लागेल.