देणगी जरूर द्या, पण यंत्रासाठी नको

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. धाकटी बहीण स्तनाच्या कर्करोगानं गेली. आता तिच्या नावानं जवळच्या धर्मादाय रुग्णालयाला मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीचं, यंत्र घेऊन द्यायचं तुमच्या मनात आहे. त्यासाठी बचतीचा चौथा हिस्सा मोडावा लागेल. तुमचं वय ६२. घरखर्चातला दोन तृतीयांश भाग पेन्शनमधून निघतो, बाकीचा ठेवींच्या व्याजातून. विश्वस्तांना महिनाअखेर उत्तर हवंय आणि तुम्ही विचारताय, एवढे पैसे द्यावेत का?

द्या. पण एवढे नको, एकदम नको आणि यंत्रासाठी तर नकोच.

आधी तुमच्या घरचा हिशेब. चौथा हिस्सा गेला की व्याजही त्याच प्रमाणात घटेल. आज ती तूट काटकसरीनं निभावेल. पण महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. पेन्शन त्या वेगानं वाढली नाही, तर सत्तरी ओलांडल्यावर तुम्हाला मुद्दलाला हात लावावा लागेल. तेव्हा मुद्दल जागेवर असायला हवं.

आणखी एक गोष्ट पत्रात कुठेच नाही, ती म्हणजे तुमची स्वतःची तब्येत. सख्ख्या बहिणीला हा आजार झाला असेल तर आपला धोका इतर बायकांच्या साधारण दुप्पट धरतात. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. बहीण किती वयात आजारी पडली, घरात आणखी कुणाला झाला होता का, हे डॉक्टरांना सांगा आणि स्वतःची तपासणी किती दिवसांनी करायची ते ठरवून घ्या. आरोग्य विम्यात काय बसतं, काय बसत नाही ते वाचा. उपचारासाठी वेगळी ठेव बाजूला काढा आणि कितीही चांगलं काम समोर आलं तरी तिला हात लावू नका. देणगीचा विचार त्यानंतर.

आता यंत्राबद्दल. ते विकत घेणं हा खर्चाचा पहिलाच भाग असतो. दरवर्षी देखभालीचा करार, प्रशिक्षित तंत्रज्ञ, चित्रं वाचणारा रेडिओलॉजिस्ट, गुणवत्तेची तपासणी हे सगळं पुढे चालूच राहतं. तो पैसा कुठून येणार, याबद्दल विश्वस्तांच्या पत्रात एक ओळ नाही. पाटीवर देणगीदाराचं नाव आणि आत कुलूपबंद खोली, असं तुमच्या बहिणीच्या नावाचं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. शिवाय तरुण बायकांच्या स्तनाची घडण दाट असते, त्यामुळे मॅमोग्राफीत गाठ निसटण्याची शक्यता वाढते. जागतिक आरोग्य संघटना ५० ते ६९ वयाच्या बायकांसाठी दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवते, तीही जिथे पुढची सगळी व्यवस्था पक्की आहे तिथे.

पुढची व्यवस्था, तीच तर अडचण. विश्वस्तांकडून मागच्या तपासणी शिबिराची वही मागून घ्या. नाव, वय, पत्ता, तपासणीत काय आढळलं, एवढे रकाने भरलेले दिसतील. ज्यांच्यापुढे ‘गाठ’ असं लिहिलंय, त्यांचं पुढे काय झालं याचा रकाना आहे का ते पाहा. असला, तर त्यात काय भरलंय ते वाचा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सुईनं तुकडा काढून केलेल्या बायॉप्सीशिवाय कळत नाही. ‘पुढची तपासणी करून घ्या’ अशी चिठ्ठी घेऊन बाई घरी जाते आणि प्रवासखर्च, बुडणारी मजुरी, लेकरांना कुणाकडे ठेवायचं, या विचारात महिने जातात. माझ्या मते तुमचा पैसा तिथे लागला पाहिजे.

२०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्तनाच्या कर्करोगासाठी जागतिक उपक्रम सुरू केला. त्याची तीन उद्दिष्टं आहेत: निदान होणाऱ्या रुग्णांपैकी किमान ६० टक्के पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात सापडावेत, बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पुरं व्हावं आणि किमान ८० टक्के रुग्णांचा उपचार शेवटपर्यंत जावा. २०२२ मध्ये जगात २३ लाख बायकांना हा आजार झाला आणि ६ लाख ७० हजार मृत्यू झाले. वरच्या तीनपैकी कोणतंही उद्दिष्ट एकट्या यंत्रानं गाठता येत नाही.

मुंबईतला टाटा मेमोरियलचा अभ्यास माझ्या फार कामी येतो. १९९८ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात दीड लाखांहून जास्त बायका होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासणी केली, यंत्र नव्हतं. आजार आधीच्या टप्प्यात सापडू लागला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमधले या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र तसा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं.

माझी मांडणी अशी. बचतीचा दहावा हिस्सा पाच वर्षांत द्या, म्हणजे दरवर्षी दोन टक्के. उरलेले पंधरा टक्के मृत्युपत्रात याच कामासाठी लिहून ठेवा. हयातीत व्याज तुमचं, गरज पडली तर मुद्दलही तुमचंच, आणि मृत्युपत्र बदलता येतं. करसवलत मिळत असेल तर घ्या, पण ती दिलेल्या रकमेचा काही भागच परत करते, म्हणून तिच्यामुळे रक्कम वाढवू नका.

दरवर्षीच्या पैशातून बायॉप्सी आणि पॅथॉलॉजीचं शुल्क, प्रवास आणि रुग्णांच्या पाठीशी राहणाऱ्या एका बाईचं मानधन द्यावं. तिचं काम म्हणजे वहीतल्या प्रत्येक ‘गाठ’वालीच्या घरी जाणं, तपासणीची तारीख घेऊन देणं, अहवाल हातात पडेपर्यंत तिच्यासोबत असणं. केमोथेरपी महिनोन्‌महिने चालते, रेडिएशनला बऱ्याचदा तीन ते पाच आठवडे रोज फेऱ्या होतात आणि ज्यांचा कर्करोग हार्मोनवर वाढणारा असतो त्यांच्यापैकी अनेकींना टॅमॉक्सिफेनची गोळी किमान पाच वर्षं घ्यावी लागते. अध्येमध्ये कुणी सुटली तर ते सगळ्यात आधी हिलाच कळेल. पैसे उरले तर उपचार संपेपर्यंत राहण्याची सोय करा. स्वतःची तपासणी स्वतः करायला शिकवणाऱ्या पत्रकांवर मी खर्च करणार नाही. शांघायमध्ये २ लाख ६६ हजार कामगार बायकांवर केलेल्या चाचणीत त्यानं मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, उलट बिनधोक गाठींच्या बायॉप्सी वाढल्या. बदल दिसला तर लगेच या, एवढं ती बाई घरोघरी सांगेल तेच पुरे.

विश्वस्तांना पत्र लिहा. पहिल्या वर्षीची रक्कम ठरलेल्या कामासाठी वेगळ्या खात्यात राहील. वर्षअखेर किती जणींना गाठ आढळली, किती जणींचं निदान ६० दिवसांत झालं, किती जणींनी उपचार पूर्ण केला, हे तीन आकडे नावं न देता मिळतील. ते पाहूनच दुसरा हप्ता. विश्वस्त यंत्राचाच आग्रह धरत असतील तर पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा आणि रेडिओलॉजिस्टची नेमणूक लेखी मागा. दोन्ही मिळेना, तर जे रुग्णालय निदानापासून उपचारापर्यंत सोबत करतं त्याच्याकडे जा.

महिनाअखेरीची मुदत त्यांची आहे, तुमची नाही. ठेव मोडण्याआधी त्यांचं उत्तर आणि तुमच्या आरोग्य विम्याची कागदपत्रं मला पाठवा. पहिल्या हप्त्याची नेमकी रक्कम आपण मिळून ठरवू.