शेरघाटीच्या दगडाची दोन वयं, खरं कुठलं?

प्रश्न: बिहारमधे पडलेला शेरघाटीचा दगड मंगळावरून आलाय म्हणे. एका ठिकाणी त्याचं वय १७ कोटी वर्षं दिलंय, दुसरीकडे ३० लाख. एवढा फरक कसा काय? – एक वाचक, सातारा

उत्तर: दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजलंय वेगवेगळं.

१७ कोटी म्हणजे मंगळावरचा लाव्हा थंड होऊन हा दगड तयार झाला तेव्हापासूनचा काळ. त्यासाठी रुबिडियम-८७ हा किरणोत्सारी, म्हणजे आपोआप बदलत जाणारा अणू कामी येतो, तो निम्मा संपून त्याचं स्ट्रॉन्शियम-८७ व्हायला जवळपास ५,००० कोटी वर्षं लागतात, म्हणजे भलतंच संथ घड्याळ. दगडातली खनिजं वेगळी काढायची, ज्यात रुबिडियम जास्त त्यात स्ट्रॉन्शियम-८७ पण जास्त साठलेलं दिसतं, आणि ते कुठल्या प्रमाणात वाढलंय त्यावरून वय निघतं. गंमत म्हणजे सुरुवातीला स्ट्रॉन्शियम किती होतं हे आधी माहीत नसलं तरी चालतं! लघुग्रहांचे बहुतेक दगड साडेचारशे कोटी वर्षांच्या आसपासचे, त्यामुळे इतका तरुण लाव्हा एखाद्या मोठ्या ग्रहाचाच असणार हा संशय इथूनच बळावला. १९८३ मधे अंटार्क्टिकातल्या अशाच एका दगडात अडकलेला वायू मंगळावर उतरलेल्या नासाच्या व्हायकिंग यानाने मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला, मग विषय जवळजवळ संपलाच.

३० लाख हा अंतराळातल्या प्रवासाचा आकडा. मंगळाच्या जमिनीखाली काही मीटर खोल असलेल्या दगडापर्यंत कॉस्मिक किरण, म्हणजे अंतराळातले प्रचंड वेगवान कण, फारसे पोचत नाहीत, पण काहीतरी आदळून तो बाहेर उडाला की हे किरण आत घुसून अणुकेंद्रं फोडायला लागतात, माणूस उन्हात रापतो तसा दगड रापतो म्हणा ना. त्यातून निऑन-२१ बनतं, ते टिकतं आणि साठत जातं. बेरिलियम-१० पण बनतं, पण त्याची हाफ-लाइफ, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, साधारण १४ लाख वर्षं, त्यामुळे काही काळाने जेवढं बनतं तेवढंच संपतं आणि मग ते घड्याळ पुढे सरकत नाही. म्हणून दोन्ही ताडून बघतात. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते हे, की फ्रान्समधे १८१५ ला पडलेला शासिनी आणि इजिप्तमधे १९११ ला पडलेला नाखला हे मंगळाचेच दगड, दोघांचाही प्रवास साधारण १ कोटी १० लाख वर्षांचा निघतो, म्हणजे बहुतेक एकाच धडकेत उडालेले आणि पृथ्वीवर मात्र ९६ वर्षांच्या अंतराने आले.

पृथ्वीवर कधी पडला त्याचं घड्याळ आणखी वेगळं. शेरघाटीला ते लागत नाही, २५ ऑगस्ट १८६५ ला लोकांच्या डोळ्यांदेखत पडला तो. पण अंटार्क्टिकात १९८४ ला सापडलेल्या एएलएच ८४००१ या मंगळाच्या दगडात अंतराळात असताना बनलेलं कार्बन-१४ किती उरलंय ते मोजून तो सुमारे १३,००० वर्षांपूर्वी पडला असं काढलंय.

आता १७ कोटीवरही वाद आहेच. शिशाच्या आयसोटोपवरून (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) काही संशोधक म्हणतात दगड ४०० कोटींहून जुना आहे, नंतरच्या घडामोडींनी बाकीची घड्याळं परत शून्यावर आणली. पण त्याच जातीच्या दुसऱ्या एका दगडातल्या सूक्ष्म स्फटिकांचं युरेनियम-शिसे वय पण तरुणच आलंय, त्यामुळे मी तरी १७ कोटीच्या बाजूने.