फेलोशिपला धंदा म्हणू नका

यावल तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात त्या वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करतात, विषय केळीवरचा करपा रोग. नेट परीक्षेतून मिळालेली जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप), महिन्याला 37,000 रुपये, दुसरं वर्ष चालू. 2025-26 मध्ये त्यांच्या खात्यात 6,29,000 रुपये आले, कारण आदल्या वर्षाचे अडकलेले पाच महिने याच वर्षी एकदम जमा झाले. वडिलांनी केळीच्या विक्रीचे पैसे साठवून लेकीच्या नावे 8 लाखांची मुदत ठेव केली आहे. तिचं व्याज 56,000, त्यातून बँकेने 5,600 टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला. बचत खात्याचं व्याज 2,400.

आता जळगावात 23 लाखांचा फ्लॅट बघितलाय. ठेव मोडायची, वर 15 लाखांचं कर्ज काढायचं. गावातले रिटर्न भरून देणारे काका म्हणाले, ‘‘फेलोशिप धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवू. बारा लाखांपर्यंत कर नाहीच. दोन-तीन वर्षांचे रिटर्न झाले की बँक कर्ज देतेच.’’ ताई विचारतात, दाखवू का?

नको, ताई.

काकांचा हिशेब कराच्या बाजूने चुकलेला नाही, म्हणूनच तो गोड वाटतो. 6,29,000 आणि व्याजाचे 58,400 मिळून 6,87,400. नव्या करप्रणालीत पहिल्या 4 लाखांवर काही नाही, उरलेल्या 2,87,400 वर पाच टक्क्यांनी 14,370 रुपये कर निघतो आणि 12 लाखांच्या आतल्या उत्पन्नाला मिळणाऱ्या सवलतीत तो पुसला जातो. खिशातून एक रुपया जात नाही. पण कर शून्य आला म्हणून लिहिलेलं खरं होत नाही.

तुम्ही फेलोशिप घेताना ज्या अटी मान्य केल्या, त्या एकदा कपाटातून काढून वाचा. फेलोशिपच्या काळात दुसरीकडून पगार, मानधन किंवा विद्यावेतन घेणार नाही, हे तुम्ही कबूल केलेलं आहे. आणि आता तुमच्याच पॅनवर, तुमच्याच ओटीपीने, सरकारी पोर्टलवर लिहून द्यायचं की मी धंदा करते आणि त्यातून सव्वासहा लाख मिळवते? उद्या कुणी तक्रार केली तर पुरावा शोधायला लांब जावं लागणार नाही. धंदा कुठला, माल कुठला, गिऱ्हाईक कोण, यातल्या एकाही प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही. काकांकडेही नाही, आणि सही त्यांची नसते. रिटर्नमध्ये जाणूनबुजून खोटं लिहिणं हा आयकर कायद्यात गुन्हा आहे, हे वेगळंच.

मग खरं काय लिहायचं? आयकर कायदा 1961 च्या कलम 10(16) प्रमाणे शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. तिला रकमेची मर्यादा नाही. नव्या करप्रणालीत बऱ्याच सवलती गेल्या, ही राहिली. त्यामुळे पाच महिन्यांची थकबाकी एकदम आली तरी बिचकू नका. करमुक्त रक्कम एका वर्षात आली काय आणि दोन वर्षांत आली काय, कर तोच, शून्य. (1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झालाय आणि कलमांचे क्रमांक बदललेत. 2025-26 चं रिटर्न मात्र जुन्याच कायद्याप्रमाणे भरायचं.)

तुमचं करपात्र उत्पन्न म्हणजे फक्त व्याज, 58,400. ते 4 लाखांच्या कितीतरी खाली आहे, म्हणून रिटर्न भरायची सक्ती नाही. तरी भरा. बँकेने कापलेले 5,600 परत मिळवायचा तो एकच रस्ता आहे. आयटीआर-1 हा साधा फॉर्म पुरतो: व्याज ‘इतर स्रोत’मध्ये आणि 6,29,000 करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात, यादीतून 10(16) निवडून. रसायनं, काचसामान यांसाठी बिलं दाखवून जे आकस्मिक अनुदान मिळतं, ते तुमच्या खर्चाची भरपाई आहे. बिलं जपून ठेवा आणि ती रक्कम फेलोशिपच्या आकड्यात मिसळू नका. वडिलांनी दिलेल्या 8 लाखांवर तुम्हाला कर नाही, वडिलांकडून मुलीला आलेली भेट आहे ती. व्याज मात्र तुमचंच, वडिलांच्या उत्पन्नात जोडायचं नाही.

काकांनी दुसरा पर्याय म्हणून ‘थोडं शेतीत टाकू’ असंही सुचवलंय. सातबाऱ्यावर तुमचं नाव नाही, असं तुम्हीच लिहिलंय. विषय संपला.

शेवटी तुम्ही विचारलंय की एका संशोधन प्रकल्पावर काम करणाऱ्या मैत्रिणीलाही हेच लागू आहे का. इथे मी हात आखडता घेईन. पैसे ‘फेलोशिप’ नावाने आले म्हणून ती शिष्यवृत्ती ठरत नाही. तिचं पत्र बघायला हवं. त्यात नेमणूक, हजेरी, रजा, कामाचं स्वरूप असं असेल, प्रकल्पप्रमुख सांगतील ते काम करायचं असेल, तर तो मोबदला आहे आणि पगारासारखा करपात्र धरावा लागेल. अभ्यास तिचा स्वतःचा आणि पैसे त्या अभ्यासासाठी असतील तर गोष्ट वेगळी. सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनाचे वाद न्यायाधिकरणांपर्यंत गेले आहेत, तेव्हा तुमचं उत्तर कुणी आपल्या नावावर खपवू नये.

आता फ्लॅट. साडेआठ टक्क्यांनी 15 लाख, वीस वर्षं, म्हणजे हप्ता साधारण 13,000. 37,000 मधून तो जमेल असं वाटतं, फेलोशिपची दोन वर्षं पुरी होऊन ती 42,000 होईल तेव्हा तर आणखी. पण जेआरएफ आणि पुढची एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळून जास्तीत जास्त पाच वर्षं, त्यातलं तुमचं दुसरं चालू आहे. कर्ज वीस वर्षांचं. उरलेली सोळा-सतरा कशावर काढायची? पीएच.डी. झाली की लगेच कायम नोकरी लागते, असं खानदेशातल्या कुठल्याही महाविद्यालयात तासिकेवर शिकवणाऱ्या माणसासमोर म्हणून बघा.

आणि तुमच्याच पत्रातली गोष्ट तुम्ही विसरताय. फेलोशिप पाच महिने अडकली होती. तेव्हा कर्ज असतं तर 65,000 रुपयांचे हप्ते कुठून भरले असते? ठेव तर मोडलेली. वडिलांकडे मागितले असते, आणि केळीला भाव नसतो त्या महिन्यात त्यांच्याकडेही नसतात.

माझं मत विचाराल तर यंदा घेऊ नका. घ्यायचाच असेल तर खऱ्या कागदांवर घ्या: फेलोशिपचं पत्र, पासबुक आणि करमुक्त रकान्यात आकडा दिसणारं रिटर्न. बँक बहुतेक पगारदार सहकर्जदार मागेल. तुमचे भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, ते चालतील. मात्र फ्लॅटवर त्यांचं नाव घालायचं का, हे घरात आधी बोलून घ्या. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तुमच्या फ्लॅटवर सुमारे 23,000. भावाचं नाव आलं की ती गेली. नाव नसेल तर ते कर्ज फेडतील, पण घर त्यांचं नसेल. वहिनींना हे आजच कळलेलं बरं.

रिटर्न 31 जुलैच्या आत भरा. त्याआधी पोर्टलवर तुमचं बँक खातं पडताळलेलं आहे का बघा, कारण परतावा त्याच खात्यात येतो आणि पॅनवर वडिलांचं नाव मधे आणि पासबुकावर नसेल तर तिथेच गाडी अडते. भरल्यावर 30 दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी करा. ती राहिली तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात, आणि 5,600 तिकडेच.