कर्नाटकच्या आंब्यापुढे कोकणचा हापूस बाजारात कसा टिकेल?

आधी कोवळा आंबा काढणं बंद करा. निर्यात, ऑनलाइन विक्री वगैरे त्याच्यानंतर.

प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण याच गोष्टीवरून आम्हा दोघा भावांत वर्षभर बोलणं बंद होतं. मार्चच्या सुरुवातीला वाशीच्या घाऊक बाजारात भाव चढा असतो, म्हणून दादा हाताला लागेल ते उतरवायचा. मी म्हणायचो, आंबा तयार होऊ दे, त्याचे खांदे भरू देत, देठाशी खळगा पडू दे. त्याचं एकच, थांबलो तर कर्नाटकचा माल येऊन भाव पडेल. एका सकाळी मी खळ्यात पाण्याची बादली ठेवली आणि नुकत्याच काढलेल्यांतले २० आंबे एकेक करून सोडले. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. १४ तरंगले. दादाने बादली उपडी केली आणि संध्याकाळी पेट्या गाडीत चढल्या.

पंधरा दिवसांनी मुंबईहून मावशीचा फोन आला. आमचं नाव बघून तिने पेटी घेतली होती. साल सुरकुतलेली, वास नाही, आत आंबटढाण. ती कळवळून म्हणाली, "अरे, तुमच्या पेटीत कोणीतरी कर्नाटकचा आंबा भरतंय!" तो आंबा आमच्या दारातल्या कलमाचा होता. मला तिला ते सांगवलं नाही.

२०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. ते हवंच, नोंदणी करून घ्या. दुसरीकडचा आंबा 'कोकणचा हापूस' म्हणून विकणाऱ्याला त्याने अडवता येईल. पण मानांकनाने आंबा कुठला ते कळतं, तयार होता की नाही ते कळत नाही. ते बागायतदाराच्याच हातात. आंबा उतरवायला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे पातं आणि जाळी लावलेली काठी, वापरा, आंबा देठासकट येतो आणि चीक सालीवर ओघळत नाही. एका झाडाचा आंबा दोन-तीन तोड्यांत काढा. मजुरी वाढते, वाढू दे.

दलालाची उचल डोक्यावर असलेल्याला थांबणं परवडत नाही, हे मला मान्य आहे. त्याने निदान चार झाडं तरी राखून त्यांचा आंबा थेट गिऱ्हाइकाला द्यावा. आमच्यावर मात्र उचल नव्हती.

दादा अजून म्हणतो, त्या वर्षी पैसे चांगले झाले. झाले, खरंच झाले. पण मावशीच्या इमारतीतली जी घरं दरवर्षी आमच्याकडून पेट्या घ्यायची, त्यांनी पुढच्या मोसमात फोन केला नाही, हे त्याच्या हिशोबाच्या वहीत कुठेच लिहिलेलं नाही.