‘माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक नको’

पहिल्याच फोनवर काही जण अट घालतात. "मॅडम, सांगाल ते खाईन, पण घरात माझ्यासाठी वेगळं काही शिजणार नाही." मी आहारतज्ज्ञ; पुण्यात सिंहगड रोडवरच्या माझ्या क्लिनिकमध्ये ही अट बहुतेक वेळा बायकांकडूनच येते. नवऱ्याला मधुमेह निघाला तर दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी ज्वारीची भाकरी सुरू होते. बाईला निघाला की ती स्वतःच म्हणते, "माझं काय, चालतंय."

अशाच एका काकूंची ही हकिकत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय पंचावन्नच्या आसपास, घरात नवरा, सासूबाई, मुलगा आणि सून. मुलगा हिंजवडीला आयटीत, सूनही नोकरी करणारी. एचबीए१सी ८.१. हा आकडा साधारण गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देतो, त्यामुळे तपासणीच्या आदल्या दिवशी गोड टाळून तो सुधारत नाही. ६.५ किंवा त्यापुढे मधुमेह धरतात. डॉक्टरांनी दोन गोळ्या सुरू करून 'आहारतज्ज्ञाला भेटा' असं सांगितलं होतं.

काकू आल्या त्या हातात एक छापील कागद घेऊनच. त्यांनी आधी दुसरीकडून आणलेला डाएट चार्ट. सकाळी ओट्स, दुपारी किन्वा सॅलड, रात्री ब्रोकोलीचं सूप. यातला एकही पदार्थ वाईट नाही, पण पाच माणसांच्या मराठी घरात तो खाणार कोण आणि करणार कोण? काकूंनी काही दिवस पहाटे उठून स्वतःचं वेगळं केलं, मग पोळ्या लाटता लाटता तो कागद फ्रिजवर राहिला. "माझ्यात चिकाटीच नाही हो," त्या म्हणाल्या. मला तसं वाटलं नाही. ज्या चार्टसाठी घरात दुसरी चूल मांडावी लागते, तो टिकला नाही तर दोष चार्टचा.

मी विचारलं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लंत? "फार काही नाही. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या-भाजी, रात्री थोडा भात." सगळ्यांचं उत्तर साधारण असंच असतं. मग हळूहळू बाकीचं निघतं. चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे नुसत्या चहातूनच दिवसाला ३५ ते ४० ग्रॅम साखर. पातेल्यात उरलेली आमटी आणि डब्यातली एक पोळी, वाया जाऊ नये म्हणून. संध्याकाळी बाकरवडी, तीही डबा उघडा दिसला म्हणून. आणि रात्रीचं जेवण दहाला, मुलगा हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी पोचल्यावर. तोवर पोळ्या संपलेल्या, उसळ तळाला गेलेली; मग ताटात उरतो तो भात आणि पातळ आमटी.

म्हणजे घरात शिजत होतं ते ठीकच होतं. मटकीची उसळ होत होती, कोशिंबीर होत होती, ताक होतं. काकूंच्या ताटात ते पोचत नव्हतं.

म्हणून आम्ही पाककृतींना हात लावायच्या आधी वाढण्याला लावला. काकूंची उसळीची वाटी आधी भरून बाजूला ठेवायची, आणि ती मोठी वाटी. कोशिंबीर अर्धं ताट. पोळ्या दोन, भात छोटी वाटीभर. वरण सगळ्यांसाठीच घट्ट, कारण पातळ आमटीने पोट भरतं पण डाळ फारशी जात नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, अंगाने अगदी किरकोळ. त्यांना त्याच कुकरमधला मऊ भात आणि वर साजूक तूप. त्यांचं तूप बंद करायचा विषयच नव्हता. पातेलं एकच, ताटं वेगळी. चहा दोन कपांवर आणि साखर अर्ध्या चमच्यावर यायला मात्र बराच वेळ लागला.

सगळ्यात अवघड गेलं ते जेवणाची वेळ बदलणं. मी म्हटलं, सासूबाई आठला जेवतात, तुम्हीही त्यांच्याबरोबर बसा. काकू गप्प. मग म्हणाल्या, "मुलगा दमून येणार आणि एकटा जेवणार?" यावर आहारशास्त्रात उत्तर नाही. कॅलरी मोजून दाखवण्यात अर्थ नव्हता. शेवटी तोडगा काकूंनीच काढला: आठला जेवायचं आणि मुलगा आला की त्याच्याबरोबर ताकाचा पेला घेऊन बसायचं. मुलाला म्हणे तीन दिवसांनी कळलं की आईचं जेवण आधीच झालेलं असतं.

दुसऱ्या भेटीला मी सुनेला बोलावलं. ती दारातूनच जरा ताठ होती. नंतर म्हणाली, "मला वाटलं, आईंसाठी दोन वेळचं वेगळं करायची यादी देणार तुम्ही." तिची भीती आणि काकूंचा संकोच एकाच गोष्टीबद्दल होता, आणि दोघी एकमेकींशी ते बोलल्या नव्हत्या. तिला मी फक्त एक विचारलं: महिन्याला तेल किती लागतं? सहा लिटर. माणसं पाच, म्हणजे माणशी रोज ४० मिलिलिटर, आठ चहाचे चमचे. शिवाय बाहेरचं वेगळंच. ते साडेतीन-चार लिटरवर आणायचं ठरलं, आणि ते सगळ्यांच्याच भल्याचं होतं.

'सगळ्यांच्या' म्हटल्यावर मुलाने हरकत घेतली, फोनवरून. "मी तर बारीक आहे." आपल्या पुण्यातल्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं या बाबतीतलं काम जगभर माहीत आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी, हा आपला ठेवा. त्यात आईला मधुमेह. मुलाला मी काट्यावर उभं राहायला नाही, कमरेला टेप लावायला सांगितलं. पुरुषांसाठी आपल्याकडे ९० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात, बायकांसाठी ८०. त्याचा आकडा त्याने मला सांगितला नाही, पण मोड आलेले मूग तो डब्यात न्यायला लागला.

संकष्टीचा प्रश्न उरला होता. काकू चंद्रोदयापर्यंत उपास करणाऱ्या, आणि दोनपैकी एक गोळी अशी की पोट रिकामं असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. मागच्या संकष्टीला संध्याकाळी हात थरथरले होते, घाम आला होता. त्यांना वाटलं उपासाचा थकवा. उपास सोडा असं मी सांगत नाही, आणि गोळीला तर हातच लावत नाही. ते काम डॉक्टरांचं. मी त्यांना चिठ्ठी लिहिली, त्यांनी उपासाच्या दिवसाची गोळी बदलून दिली. माझ्याकडून एवढंच: दुपारी काहीतरी खायचं, आणि थरथर झाली तर उपास न बघता लगेच साखरपाणी. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च. भगर 'शुगरला चांगली' म्हणून ताटभर खातात, पण तीही मुख्यतः स्टार्चच. मग राजगिऱ्याची छोटी भाकरी, दाण्याची आमटी, दही-काकडी. खिचडी हवीच असेल तर वाटीभर, दाण्याचं कूट सढळ.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.२ आलं. वजन फार उतरलं नाही, कंबर थोडी. नंतर दिवाळीत एचबीए१सी पुन्हा वर गेलं आणि खाली आलं. भिशीच्या दिवशीचा वडापाव अजून चालू आहे. त्यावर आमची तडजोड झालेली आहे.

वेगळा स्वयंपाक कधीच लागत नाही, असं मात्र समजू नका. सिलिअॅक, म्हणजे गहू न सोसणाऱ्या आतड्याच्या आजारात गव्हाचा कणही चालत नाही, तवा आणि पोळपाटसुद्धा वेगळे ठेवावे लागतात. मूत्रपिंडाचा आजार पुढे गेलेला असेल तर डाळी, मीठ, काही भाज्या मोजूनच घ्याव्या लागतात. अशा वेळी मी स्पष्ट सांगते, आणि घरातल्या सगळ्यांना बसवून सांगते. नुसता मधुमेह, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल असेल तर बहुतेक घरांत एकाच पातेल्यातून भागतं.

कुणाकडे जावं, हेही विचारतात. शिक्षण विचारा, इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी असेल तर उत्तम. जी व्यक्ती तुमचे रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं बघायच्या आधी पावडरचा डबा पुढे करते, तिथून उठून या. आणि पहिल्या भेटीला येताना रिपोर्ट, सगळ्या गोळ्या, घरात महिन्याला तेल-साखर किती येते तो हिशोब, आणि जमल्यास जेवण बनवणारी व्यक्ती, मग ती सून असो, नवरा असो की स्वयंपाकाच्या मावशी, हे सगळं घेऊन या.