आविष्कार, शोध, विक्रम की कलाटणी?

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या विद्यार्थिनीने विचारले आहे: 'आमच्या वादविवाद स्पर्धेला विषय दिला आहे, क्रीडा, कला की तंत्रज्ञान: इतिहासातला सर्वांत मोठा आविष्कार कोणत्या क्षेत्रातला? मराठीच्या बाई म्हणतात, इथे आविष्कार चुकीचा, शोध हवा. कन्नड माध्यमात शिकणारा माझा चुलतभाऊ म्हणतो, आविष्कारच बरोबर. कोणाचे खरे?'

चुलतभावाचे त्याच्या भाषेत अगदी खरे आहे. कन्नडमध्ये आविष्कार म्हणजे नवी वस्तू, नवे यंत्र शोधून काढणे. हिंदीतही तेच. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे मूल घराबाहेर कन्नड ऐकते आणि टीव्हीवर हिंदी ऐकते, तेव्हा दोन्हीकडून एकाच अर्थाने येणारा शब्द त्याच्या मराठीतही त्याच अर्थाने रुजणार. यात हसण्यासारखे काही नाही. मात्र मराठीने या शब्दाचा जुना अर्थ धरून ठेवला आहे. संस्कृतात 'आविस्' म्हणजे उघड, डोळ्यांपुढे. जे आत आहे ते बाहेर प्रकट करणे हा आविष्कार. म्हणून आपण कलाविष्कार म्हणतो, संतापाचा आविष्कार म्हणतो, आविष्कारस्वातंत्र्य म्हणतो. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या गायकीत माळव्याच्या लोकधुनांचा आविष्कार दिसतो, हे वाक्य मराठीत चोख आहे. 'विमानाचा आविष्कार राइट बंधूंनी केला' हे मात्र मराठी कानाला खटकते. मराठीत विमानाचा शोध लागतो.

मग बाई म्हणतात तसा 'शोध' घ्यावा का? शोध हा मोठा लवचीक शब्द आहे. अर्थ कोणता घ्यायचा ते त्याच्याजवळचे क्रियापद ठरवते. हरवलेल्या गाईचा शोध घेतात, ती सापडली की शोध लागतो. रोंटगेनने 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि 1903 मध्ये विमानाचा शोध लागला. किरण निसर्गात आधीपासून होते आणि विमान माणसाने घडवले, तरी मराठी दोन्हींना शोधच म्हणते. काही जण या दोन गोष्टींना वेगळे शब्द हवेत असा आग्रह धरतात. रोजच्या बोलण्यात तो टिकलेला नाही आणि तसे होण्याची मला गरजही वाटत नाही.

अडचण येते ती खेळाशी आणि कलेशी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्याआधीच्या विष्णुदास भाव्यांच्या पद्धतीच्या नाटकात गाण्याचा मुख्य भार सूत्रधारावर असे आणि पात्रे बरेचसे आयत्या वेळचे बोलत. किर्लोस्करांच्या नाटकात पात्रे आपली पदे आपणच गाऊ लागली आणि बांधलेले गद्य संवाद बोलू लागली. आता त्यांनी 'संगीत नाटकाचा शोध लावला' असे कोणी म्हणत नाही. म्हटले तर नाटक कुठे तरी दडलेले होते आणि त्यांना ते सापडले, असे वाटते. अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणून तुम्हाला हे उदाहरण स्पर्धेतही कामी येईल.

खेळात तर आणखी एक शब्द आडवा येतो, विक्रम. त्याच्याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण अशा वादात बहुतेक वक्ते इथेच घसरतात. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये बॉब बीमन लांब उडीत 8.90 मीटर गेला. आधीचा विश्वविक्रम 8.35 होता, म्हणजे त्याने एकाच उडीत तो 55 सेंटिमीटरनी मागे टाकला. हा विक्रम 1991 पर्यंत उभा राहिला. त्याच ऑलिंपिकमध्ये डिक फॉस्बरीने उंच उडीत 2.24 मीटरवर सुवर्णपदक घेतले. तो विश्वविक्रम नव्हता. व्हॅलेरी ब्रुमेलचा 2.28 तेव्हा शाबूत होता. पण फॉस्बरी दांडीवरून पाठ खाली करून, डोके आधी नेऊन गेला. खाली वाळू किंवा भुसा असता तर असे मानेवर पडण्याचे धाडस कोणी केले नसते. फोमच्या जाड गाद्या आल्या होत्या म्हणून ते शक्य झाले. नियमात फक्त एका पायावरून उडी घ्या एवढेच होते, त्यामुळे कोणाला हरकत घेता आली नाही. पुढे दहा-पंधरा वर्षांत जगभरचे खेळाडू त्याच पद्धतीने उडी मारू लागले. बीमनची उडी थक्क करणारी होती, पण त्याच्यानंतर लांब उडी मारण्याची रीत बदलली नाही.

बीमनच्या उडीला विक्रम हा शब्द अचूक बसतो. तो 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे या धातूपासून आला. वामनाने तीन पावलांत त्रैलोक्य व्यापले म्हणून तो त्रिविक्रम. कन्नडमध्ये खेळातल्या विक्रमाला 'दाखले' म्हणतात, आणि आपल्याकडे दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा कागद, हेही जाता जाता लक्षात ठेवा, नाहीतर कन्नड बातमीतली ओळ मराठीत उतरवताना घोटाळा व्हायचा. 'क्रांती'ही 'क्रम्' याच धातूची. ज्योतिषात क्रांती म्हणजे विषुववृत्तापासून सूर्याचे वा ग्रहाचे अंतर, आणि सूर्याचा भासमान मार्ग तो क्रांतिवृत्त. राज्य उलथवण्याचा अर्थ नंतरचा. आज मात्र मोबाइलच्या नव्या मॉडेलपासून खताच्या पिशवीपर्यंत सगळीकडे क्रांती छापतात. शब्द इतका वापरला की त्यातला जोर जातो, म्हणून विषयाच्या मथळ्यात मी तो टाळीन.

'कोंडी फुटणे' हा प्रयोगही मला आवडतो. आपल्या भागातल्या वर्तमानपत्रांत कोंडी शब्द सीमाप्रश्नाच्या बातम्यांत नेहमी भेटतो. पण कोंडी फुटायला आधी ती असावी लागते, सगळे अडकून पडलेले असावे लागतात. 1880 पूर्वी नाटके चाललीच होती, 1968 पूर्वी उड्याही मारल्या जात होत्या.

फॉस्बरीने आणि अण्णासाहेबांनी जे केले त्याला मराठीत नेमका शब्द आहे: कलाटणी. कलाटणी म्हणजे उलटणे, दिशा पालटणे. तिची खरी गंमत व्याकरणात आहे. शोध कशाचा, असे आपण विचारतो. कलाटणी कशाला, असे विचारावे लागते. 'चा'ऐवजी 'ला' येतो आणि वक्त्याला सांगावेच लागते की नेमके काय बदलले. उंच उडीला कलाटणी मिळाली, मराठी रंगभूमीला कलाटणी मिळाली. तंत्रज्ञानातही हे लागू पडते. गुर्लहोसूरचेच लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचा धंदा करून पुढे लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडी नांगर विलायतेहून येतच होते, शोध त्यांचा नव्हता. लोखंडाने जमिनीला विष चढेल ही शेतकऱ्यांची भीती ओलांडून देशी बनावटीचा नांगर वावरात पोचला, तेव्हा शेतीच्या कामाला कलाटणी मिळाली.

तेव्हा बाईंना आणि संयोजकांना विषय असा सुचवा: 'इतिहासाला सर्वांत मोठी कलाटणी कोणी दिली: क्रीडा, कला की तंत्रज्ञान?' आणि विषय बदलून मिळाला नाही, फलकावर आविष्कारच राहिला, तर निदान तो 'अविष्कार' असा लिहू देऊ नका. पहिले अक्षर 'आ' आहे.